पुष्पक विमानाचे जुने काँटिनेंटल सी-९० इंजिन : तापल्यावर उजव्या मॅग्नेटोवर अडखळते आणि तेलाचा दाब उतरतो, पूर्ण उघडावे का?

यंत्रविभाग_जळगाव

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. मोडीत निघालेल्या एका पुष्पक विमानाचे इंजिन आमच्या विभागाकडे आले आहे. पुष्पक हे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने घडवलेले दोन आसनी प्रशिक्षण विमान; त्याचे पहिले उड्डाण १९५८ मध्ये झाले आणि पुढे देशातील अनेक फ्लाइंग क्लबांमध्ये नवशिक्यांनी उड्डाणाचे पहिले धडे याच विमानावर गिरवले. त्याचे इंजिन काँटिनेंटल सी-९०-८एफ या जातीचे आहे. समोरासमोर आडवे बसवलेले चार सिलिंडर, हवेने होणारे शीतन, २०१ घनइंच म्हणजे सुमारे ३.३ लिटर आकारमान, आणि मिनिटाला २४७५ फेऱ्यांना ९० अश्वशक्ती अशी त्याची नोंद आहे. याला स्टार्टर नाही. पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवूनच ते सुरू करावे लागते.

हे इंजिन पुन्हा कोणत्याही विमानावर चढवायचे नाही. मोकळ्या आवारात सिमेंटच्या ओट्यावर घट्ट बसवलेल्या लोखंडी स्टँडवर ते चालवून विद्यार्थ्यांना दुहेरी प्रज्वलन, मिश्रण आणि तेलाभिसरण प्रत्यक्ष दाखवायचे, एवढाच हेतू आहे. लॉगबुकची शेवटची पाने गहाळ असल्याने विमान सेवेतून का काढले गेले, हे आम्हाला कळू शकलेले नाही.

इंजिन थंड असताना सहज सुरू होते आणि सुरुवातीला दोन्ही मॅग्नेटोंवर (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणांवर) नीट चालते. पंधरा-वीस मिनिटांनी ते पुरते तापले की डाव्या मॅग्नेटोवर फरक पडत नाही. मात्र केवळ उजव्यावर ठेवले असता १७०० फेऱ्यांवरून ते जवळजवळ ३०० फेऱ्यांनी खाली येते आणि जोरात थरथरते. तेलाचा दाब थंड असताना दर चौरस इंचाला ३८ पौंड असतो, तापल्यावर २२ वर येतो. लॉगबुकच्या उपलब्ध पानांत जागेवरच्या पूर्ण थ्रॉटलला २२०० फेऱ्यांची नोंद आहे. आम्हाला दोन्ही मॅग्नेटोंवरही २०२० च्या वर काही मिळत नाही. ८० पौंड हवा देऊन केलेल्या गळती-चाचणीत सिलिंडरांचे आकडे अनुक्रमे ७४, ७२, ३८ आणि ७० आले. तेल एसएई ४० आहे, इंधन पंपावरचे नेहमीचे पेट्रोल.

माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की आपल्याकडचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा हेच या सगळ्याचे मूळ आहे आणि पावसाळ्यानंतर इंजिन आपोआप ताळ्यावर येईल. मला तसे वाटत नाही, परंतु इंजिन पूर्ण उघडण्याइतका आधारही माझ्याकडे नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_मेकॅनिक_धुळे

सर, प्रश्न मोजमापांसह विचारलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी बरीच वर्षे लहान प्रशिक्षण विमानांच्या देखभालीत काढली आहेत आणि या जातीची इंजिने हाताखालून गेली आहेत.

दोषांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आजच तपासून घ्यावी. मोटारीत किल्ली बंद केली की प्रज्वलनाचा वीजपुरवठा तुटतो. मॅग्नेटोचे तसे नाही. तो स्वतःच वीज निर्माण करतो, आणि स्विच बंद करणे म्हणजे त्याचे प्राथमिक वेटोळे तारेने जमिनीला जोडणे. ती तार कुठे तुटली किंवा सैल झाली, तर स्विच बंद दिसत असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि पंख्याला नुसता हात लावून हलवल्यानेही इंजिन अचानक सुरू होऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी इंजिन थांबवण्यापूर्वी मंद गतीवर क्षणभर स्विच बंद करून ते खरोखर मरते का ते पाहावे, आणि इंजिन नेहमी मिश्रण तोडून किंवा इंधनाची तोटी बंद करून थांबवावे. विद्यार्थी पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत, म्हणजे त्याच्या बाजूला रेषेत, कधीही उभे राहता कामा नयेत.

आता उष्णतेविषयी. हवा तापली की विरळ होते हे खरे. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना तिची घनता नऊ-दहा टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे इंजिनाची शक्ती घटते. परंतु तीच विरळ हवा पंखाही कापत असतो आणि त्याचा भारही तितकाच, किंबहुना किंचित अधिक, हलका होतो. स्थिर कोनाच्या पंख्यावर जागेवर मिळणाऱ्या फेऱ्या म्हणूनच उन्हाळ्याने फारशा बदलत नाहीत. उन्हाने विमानाचा जोर कमी होतो, धावपट्टी जास्त लागते. पण १८० फेऱ्यांची तूट उन्हाच्या नावावर टाकता येणार नाही. ती कुठेतरी इंजिनातच आहे, किंवा तुमच्या मोजणीत आहे. जुन्या यांत्रिक टॅकोमीटरवर विसंबू नका. प्रकाशाने फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर आणा, दोन पात्यांची नोंद त्यात करा आणि वाचन दिवसाच्या उजेडात घ्या, कारण दिव्यांच्या लुकलुकण्याने तो फसतो.

उन्हाची खरी काळजी वेगळीच आहे. विमानात या इंजिनाभोवती पत्र्याचे आडोसे असतात, जे हवेला सिलिंडरांच्या पंखुड्यांमधून जाण्यास भाग पाडतात. उघड्या स्टँडवर ते नसतील तर हवा सोपी वाट शोधून बाजूने निघून जाते आणि मागचे दोन सिलिंडर भाजत राहतात. आडोसे बसवल्याखेरीज पूर्ण थ्रॉटल देऊ नये, आणि दिलाच तर आकडा वाचण्यापुरता.

तुमच्या इंजिनाला माझ्या मते तीन स्वतंत्र आजार आहेत. त्यांची सरमिसळ केली तर पूर्ण इंजिन उघडूनही एखादा तसाच राहील.

पहिला आजार मॅग्नेटोचा. बिघाड फक्त उजव्यावर दिसतो, म्हणजे इंधन, कार्ब्युरेटर आणि व्हॉल्व्ह यांपैकी कुणालाही त्यासाठी जबाबदार धरता येत नाही, कारण ते दोन्ही मॅग्नेटोंना सारखेच असतात. इंजिन तापल्यावर काही वेळ केवळ उजव्या मॅग्नेटोवर चालवा, लगेच थांबवा आणि चारही एक्झॉस्ट नळ्यांचे तापमान बंदुकीसारख्या तापमापकाने, बुडाशी एकाच अंतरावर, घ्या. एकच नळी थंड निघाली तर दोष त्या सिलिंडरच्या प्लगात किंवा तारेत आहे. चारही कमी-अधिक आणि दर वेळी वेगळ्या निघाल्या तर दोष मॅग्नेटोच्या पोटात आहे, आणि तापल्यावरच उपटणाऱ्या दोषात पहिला संशय कॉइलवर, दुसरा कंडेन्सरवर घ्यावा. जुन्या कॉइलचे आवरण थंड असताना वीज अडवते आणि तापले की आतल्या आत गळू देते. थंड कॉइलचा रोध मीटरने मोजून ती चांगली ठरवणे व्यर्थ आहे. ती गरम करून तपासावी लागते. कंडेन्सर मात्र विचार न करता नवा घालावा. निरोगी मॅग्नेटोवर ७५ ते १०० फेऱ्यांपेक्षा अधिक घट होऊ नये.

दुसरा आजार तिसऱ्या सिलिंडरचा. ८० पैकी ३८ म्हणजे तो सिलिंडर उतरवावाच लागेल. साठच्या खाली गेलेला सिलिंडर चौकशीला घ्यावा, असा जुना दंडक आहे. मात्र त्याआधी हवा कुठून निसटते ते कानाने ऐका. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून येत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या तोंडातून येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. चाचणी इंजिन गरम असताना घ्या. हवा सोडताना पंखा झटक्याने फिरतो, तेव्हा तो धरणारा माणूस भक्कम आणि सावध हवा.

तिसरा आजार तेलाच्या दाबाचा. तापलेल्या इंजिनाला चालत्या गतीवर ३० ते ४० पौंड हवेत. २२ हा आकडा वाईट आहे, पण केवळ तेवढ्यावरून बेअरिंगे गेली असा निष्कर्ष काढू नये. आधी दुसरे, खात्रीचे गेज लावून पाहा. मग दाब नियंत्रित करणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढून त्याची बैठक आणि स्प्रिंग तपासा. बैठकीवर कार्बनचा एक कण अडकला तरी एवढा फरक पडतो. त्यानंतर मागच्या अॅक्सेसरी केसमधला गिअरचा तेलपंप. त्याच्या झाकणावर गिअरांनी चरे पाडले असतील तर पातळ झालेले तेल तिथूनच मागे फिरते. हे सर्व निर्दोष निघाले तरच क्रँककेस, म्हणजे क्रँक हा मुख्य दंड ज्यात फिरतो ते आवरण, फोडण्याची भाषा करावी. माझा सल्ला असा की तूर्त फक्त तिसरा सिलिंडर उतरवा, मॅग्नेटो दुरुस्त करा आणि खालचे इंजिन मिटलेलेच ठेवा.

तापीकाठ_चोपडा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. इंधनाविषयी मात्र थोडे जोडावेसे वाटते.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि हे इंजिन त्यासाठी घडलेले नाही. कार्ब्युरेटरमधल्या सुईच्या टोकाला निओप्रीन असेल तर ते फुगू शकते, जुन्या नळ्या आतून सोलू लागतात, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेत असल्याने आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी साचते. तपासणी सोपी आहे. काचेच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्या, वर पेट्रोल भरून १०० च्या खुणेपर्यंत आणा, हलवून स्थिर होऊ द्या. खालचा थर १० पेक्षा वाढला तर जेवढा वाढला तेवढे इथेनॉल त्यात आहे.

विमानाचे १०० एलएल पेट्रोल मिळवता आले तर उत्तम. पण तेही डोळे मिटून वापरू नये. हे इंजिन ८०/८७ ऑक्टेनच्या काळातले आहे आणि १०० एलएलमध्ये त्या इंधनाच्या कमाल प्रमाणाच्या सुमारे चौपट शिसे असू शकते. मंद गतीवर बराच वेळ चालवत ठेवले तर प्लगांत शिशाचे बारीक मणी जमतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी गाईडमध्ये जखडू लागते. तुमच्या तिसऱ्या सिलिंडरलाही कदाचित अशाच जखडण्याने सुरुवात झाली असेल, कारण पूर्ण न बसणारा व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला देऊ शकत नाही आणि कडेने जळत जातो.

आणखी एक, जे बाहेरच्या मॅन्युअलात लिहिलेले नसते. आपल्या भागात जिनिंगच्या हंगामात हवेत सरकीची लव उडत असते. हवेच्या गाळणीवर तिचा पातळ नमदा बसतो, जो धुळीसारखा झटकून निघत नाही. इंजिन आवारात उघडे असेल तर गाळणी काढून एकदा पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्या मोजून पाहाव्यात. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी झडप पूर्ण मिटते का, तेही पाहावे; ती अर्धवट उघडी राहिली तर फेऱ्या हमखास कमी मिळतात.

डायलगेज_भुसावळ

धुळ्याच्या ज्येष्ठांविषयी पूर्ण आदर ठेवून, खालचे इंजिन मिटलेले ठेवण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, निदान एक मोजमाप होईपर्यंत तरी नाही. माझे आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात यंत्रभाग मोजण्यात गेले. विमानाचे इंजिन माझ्या हाताखाली आलेले नाही, परंतु क्रँक सगळीकडे क्रँकच असतो.

प्रश्नकर्त्यांनी एक वाक्य सहज लिहून टाकले आहे, की लॉगबुकची शेवटची पाने नाहीत आणि विमान सेवेतून का काढले ते माहीत नाही. मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रशिक्षणाचे विमान नाकावर टेकले, पंखा जमिनीला लागला, आणि दुरुस्तीचा खर्च विमानाच्या किमतीहून जास्त वाटल्याने ते मोडीत काढले, ही शक्यता अगदी साधी आहे. तसे झाले असेल तर नंतर नवा पंखा बसवल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन चालते, आकडे बरे येतात, आणि क्रँकच्या गळ्यात चीर वाढत राहते. समोर विद्यार्थी उभे असताना ही जोखीम घेऊ नये.

पंखा उतरवा. पुढच्या फ्लँजवर, म्हणजे क्रँकच्या ज्या चकतीवर पंखा बसतो तिच्यावर, डायल गेज लावा, प्रत्येक सिलिंडरचा एकेक प्लग काढून इंजिन हलके करा आणि क्रँक हाताने सावकाश पूर्ण फिरवा. फ्लँजच्या कडेवर आणि तोंडावर अशी दोन्ही वाचने घ्या. गेज इंजिनाच्या केसवरच धरलेले असावे, स्टँडवर नाही, नाहीतर रबरी माउंटांची हालचाल तुमच्या वाचनात मिसळेल. आलेला आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर मी माझा आक्षेप मागे घेतो.

यंत्रविभाग_जळगाव

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवलेल्या तपासण्या आम्ही क्रमाने केल्या आणि जे आढळले ते येथे नोंदवतो.

प्रज्वलन बंद करणारी तार उजव्या मॅग्नेटोच्या टोकाशी केवळ दोन-तीन बारीक धाग्यांवर तग धरून होती. ती तत्काळ बदलली. केवळ उजव्या मॅग्नेटोवर तापवलेल्या इंजिनाच्या चारही नळ्यांची तापमाने दर वेळी वेगवेगळी आली. कॉइल काढून भट्टीत ८० अंशांपर्यंत तापवली असता ठिणगी क्षीण आणि अनियमित झाली, व थंड झाल्यावर पुन्हा पूर्ववत. विद्यार्थ्यांना हा प्रयोग फार परिणामकारक वाटला, कारण मीटरवर दोन्ही स्थितींत रोध जवळपास निर्दोषच दिसत होता.

तिसऱ्या सिलिंडरमधून हवा एक्झॉस्टच्या नळीतूनच येत होती. सिलिंडर उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूला जळून पातळ झालेली दिसली. बोअरमध्ये थोडी गंजाची टिंबे आहेत, पण नख अडकत नाही. उघड्या भोकातून कॅमशाफ्टचे जेवढे लोब दिसतात ते गुळगुळीत आहेत.

दुसरे गेज लावल्यावर तेलाचा तोच दाब २६ दिसला, आणि रिलीफ व्हॉल्व्हची बैठक स्वच्छ केल्यावर ३१. म्हणजे त्या कारणासाठी इंजिन फोडण्याची गरज उरली नव्हती. टॅकोमीटरही ६० फेऱ्या कमी दाखवत होता, आणि हवेच्या गाळणीवर चोपड्याच्या सदस्यांनी सांगितला तसाच नमदा होता.

मात्र भुसावळच्या सदस्यांनी सांगितलेले मोजमाप चिंताजनक निघाले. फ्लँजच्या कडेचे विचलन मॅन्युअलच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. वाचन वेगवेगळ्या व्यक्तींकडून पुन्हा घेतले. आकडा तोच आला. त्यामुळे इंजिन चालवणे आम्ही पूर्ण थांबवले असून ते उघडण्याचा निर्णय घेतला आहे. पुढे कशी काळजी घ्यावी?

जुना_मेकॅनिक_धुळे

भुसावळकरांचा आग्रह योग्य ठरला. पंख्याच्या फ्लँजचे मोजमाप मी सुरुवातीलाच मागायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे असेल तर ते रास्त आहे. आता इंजिन उघडाच.

वाकलेला फ्लँज कोणी प्रेसखाली सरळ करून देतो म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. बाहेरून सरळ झालेल्या क्रँकच्या आत चीर तशीच राहू शकते. क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि गिअर हे पोलादी भाग चुंबकीय कण पद्धतीने, आणि अॅल्युमिनिअमची केस रंग शोषण्याच्या पद्धतीने तपासून घ्या. या क्रँकच्या पृष्ठभागावर नायट्रायडिंगने आणलेला कठीण थर असतो. ट्रॅक्टरच्या क्रँकप्रमाणे तो नुसता ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालून चालत नाही, कारण घासताना तो थर जातो आणि पुन्हा द्यावा लागतो. तुमचा क्रँक बहुधा बदलावाच लागेल. तो काढून ठेवा; वर्गात दाखवायला त्याच्यासारखी वस्तू नाही.

सुटे भाग शोधताना ओ-२०० या इंजिनाची आठवण ठेवा. सेस्ना १५० मुळे त्याचे भाग अजूनही मिळतात, त्याचा बोअर आणि स्ट्रोक सी-९० इतकाच आहे, आणि व्हॉल्व्ह, रिंगा यांपैकी बरेच काही जुळते. तरी प्रत्येक भाग पार्ट नंबर पाहूनच घ्यावा. कॅमशाफ्ट वेगळा आहे. नव्या रिंगा घेताना सिलिंडरचा बोअर साध्या पोलादाचा, नायट्रायडिंगचा की क्रोमचा, हे आधी ठरवा. क्रोमच्या बोअरमध्ये क्रोमच्या रिंगा घातल्या तर दोघेही एकमेकांना खातात.

टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणून गॅप तपासताना ते तेल काढून पूर्ण कोरडे आणि दाबलेले असावेत. त्या स्थितीत ३० ते ११० हजारांश इंच अंतर मिळायला हवे. प्रत्येक टॅपेट, पुशरॉड आणि बेअरिंगची कवची मूळ जागेच्या नावाने वेगळ्या खोक्यात ठेवा. हे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे, मात्र खोक्यांवरची नावे एकाच व्यक्तीने लिहावीत.

केसचे दोन अर्धे जोडताना गॅस्केट नसते. जोडाच्या कडेने पातळ सीलिंग लेप आणि त्यावर बारीक रेशमी धागा ठेवायचा असतो, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. आपल्या कापसाच्या मुलखात सुती धागा हाताशी असतो, पण तो येथे चालत नाही, नायलॉनही नाही. आणि सिलिकॉनची नळी तर वर्कशॉपबाहेरच ठेवा, कारण आत दाबला गेलेला सिलिकॉनचा तुकडा तेलाची वाट बंद करू शकतो, शिवाय दोन अर्ध्यांमधील जाड थराने बेअरिंगांची पकड ढिली होते.

तेलपंप जोडताना गिअरांमधल्या पोकळीत पेट्रोलियम जेली भरा. कोरडा पंप वर तेल ओढू शकत नाही, आणि पहिल्या चालवण्यात तेलाचा दाब अर्ध्या मिनिटात आला नाही तर इंजिन लगेच बंद करावे. नव्या रिंगांना सुरुवातीला विमानाचे साधे खनिज तेल द्या. मोटारीच्या मल्टिग्रेड तेलातली धातुयुक्त रसायने या इंजिनात जळून राख धरतात आणि ती राख निखाऱ्यासारखी तापून मिश्रण वेळेआधी पेटवते. मंद गतीवर रेंगाळत ठेवले तर रिंगा बसत नाहीत, म्हणून आडोसे बसवून, सकाळच्या थंड वेळी, मध्यम ते जास्त भारावर थोडा थोडा वेळ चालवा.

एक औपचारिक बाब राहिली. या दुरुस्तीनंतर इंजिनावर आणि त्याच्या नोंदवहीवर ‘केवळ जमिनीवरील प्रात्यक्षिकासाठी’ असे ठळकपणे कोरून वा लिहून ठेवावे. परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्राशिवाय जोडलेले इंजिन पुढे कधी कुणाच्या हाती जाऊन विमानावर चढू नये. क्रँकच्या तपासणीचा अहवाल आला की येथे कळवा. केस जोडण्याच्या दिवशी मी जळगावला यायला तयार आहे.

डायलगेज_भुसावळ

नवा क्रँक मिळाल्यावर तो केसमध्ये ठेवण्यापूर्वी दोन व्ही-ब्लॉकवर घेऊन त्याच फ्लँजचे वाचन पुन्हा घ्यावे, आणि बेअरिंगचे अंतर प्लास्टिगेजने (दबल्यावर रुंदीवरून अंतर दाखवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या धाग्याने) प्रत्येक ठिकाणी मोजावे. मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागतील. ते मी सोबत आणतो. फक्त मोजणीच्या आदल्या रात्री क्रँक, केस आणि उपकरणे एकाच खोलीत, सावलीत ठेवा. उन्हात तापलेली केस आणि थंड क्रँक असे मोजले तर येणारा आकडा कोणाच्याच उपयोगाचा नसतो.